सुपारीच्या दिवशी पेटलेला खटका

मु. ईट, ता. भूम
चैत्र, १९६२

बिरू, तू बसवलेल्या इजेच्या खटक्यानं भर सुपारीत माझं नाक कापलं. हे आधी. आता आशीर्वाद. तब्येत बरी असंल, विमानदलाची सरकारी भाकरी खाऊन कोण आजारी पडतंय? माझे गुडघे गेलेत, तोंड ठणठणीत हाय.

मागल्या रजेत तू व्हणाऱ्या सासऱ्याच्या, गोरोबाच्या गिरणीत मिरवायला गेलास. मोठ्या विमानात एकशेबारा व्होल्टची, एकाच दिशेनं धावणारी वीज असती, ती मी शिकतोय, गिरणीचा डायनामो म्हंजी तिचीच धाकटी बहीण, असं सांगून त्यांचा लांब दांड्याचा जुना खटका काढलास अन् घरात लावायचा चिमणीएवढा पांढरा बसवलास. (देखणा व्हता. तुझा आजाबी देखणाच व्हता.) तू गेलास नोकरीवर, अन् आमी सुपारी फोडायला भूमला. गोरोबानं थाट म्हणून भर दुपारी बारा दिवे लावले. समद्यांनी माना वर करून बघितल्यावर खटका बंद केला, तर दिवे मिणमिणत चालूच, अन् खटक्यात निळा जाळ फुरफुरतोय! बायका वरडल्या, "फुंकू नका गं, सुपारीच्या दिवशी दिवा फुंकत न्हाईत!" तुझा शहाणा चुलता बब्रुवान पाण्याची कळशी घेऊन धावला. नवरी महानंदानं त्याला कोपरानं बाजूला सारलं अन् काठीनं इंजनाचा पट्टा पाडला. डायनामो थांबला, जाळ गेला. (जाता जाता पट्ट्यानं बब्रुवानाचं मुंडासं नेलं.) मग पोरगी मला म्हणली, "आजी, घरातली वीज उलटसुलट धावताना मधी दम खाती, ही थांबत न्हाय. म्हणून दांडा लांब व्हता, झटक्यानं लांब वढून जाळ तोडायला. विमानवाल्याला हे ठावं न्हाय व्हय?" सुपारी ताटात तशीच राहिली.

तुझी आजी,
नागूबाई

ता.क. गोरोबा राजी हाय. अडलीय ती महानंदा. ती म्हणती, वर आभाळात खटक्यात जाळ धरला तर पट्टा पाडायला काठी कुठनं आणणार? तो कसा इझवत्यात हे ह्याला येत असंल तर सुपारी फोडा, न्हायतर रोज वर बघत बसायला मी मोकळी न्हाय. पोरीचं रास्त हाय. एवढी वर्सं तू नोकरीत, हे इचारायचं मलाच कसं सुचलं न्हाय?

आणखी ता.क. "काळजी नसावी" असलं कार्ड मला धाडू नको, त्यानं जाळ इझत न्हाय. उत्तर तूच लिही, तुझ्याच वाकड्या अक्षरात, थेट महानंदाला. म्या तिच्या शेजारी बसून ऐकणार हाय.