वस्तरा गळ्यावर असताना

रविवार, ता. १९

चि. ठकूस,

काकाचे आशीर्वाद. मी बरा आहे. दुकान चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण खुर्चीभोवती दिवसभर उभं राहायचा आपला धंदा, त्याचं ऐकून कसं चालेल? तुझा खांदा कसा आहे? शेकतेस ना? की मैत्रिणींच्या नादात विसरतेस?

तुझा मेसेज मिळाला. 'काका, मॅचनंतर सगळ्यांचे फोन आले, तुझाच नाही. माझ्यावर रागावलास का? वाटतंय, ग्लोव्हज परत करावेत आणि घरी यावं.' वाचला, फोन उपडा ठेवला आणि एका गिऱ्हाइकाचे केस कापले. मग पुन्हा वाचला. उत्तर टाइप करायला घेतलं की अंगठा पुढे सरकत नाही, म्हणून हा कागद.

रागावलोय तो त्या टीव्हीवर. नव्या जागेत आल्यावर गिऱ्हाइकं म्हणाली टीव्ही हवा, म्हणून भिंतीवर टांगला. कुठून बुद्धी झाली! अगं, मॅच दीड तासाची आणि तिच्यावरची बडबड दिवसभर. चौघं कोट घालून बसतात आणि एकमेकांच्या अंगावर ओरडतात. त्यातल्या एकाचं पोट टेबलामागे मावत नाही, आणि तो सांगणार की गोलकीपरनं डावा पाय कुठे ठेवायला हवा होता! तुझ्या पायांतून चेंडू गेला तो एकदाच. पण यांनी तो वरून, खालून, मागून, हळू करून इतक्या वेळा घालवला, की बघणाऱ्याला वाटावं पोरीनं दुसरं काही केलंच नाही. त्याआधी तू झेपावून जे अडवलेस, ते दाखवायला मेल्यांना वेळ नाही.

आणि आता खेळ तरी कुठे राहिलाय? शर्टावर जाहिरातींची एवढी गर्दी की नंबर शोधावा लागतो. तुमच्या संघाचा मालक, तो नट, जिंकलात की कॅमेऱ्यासमोर नाचतो, हरलात की काळा चष्मा लावून गाडीत बसतो. तुमच्या घराजवळच्या चौकातला तो पुढारी तर विचारू नकोस. तुझी निवड झाली तेव्हा केवढा फलक लावला होता, 'आपली लेक, आपला अभिमान'. त्यात तुझा फोटो एवढासा आणि त्याचा एवढा मोठा. मॅच हरलात आणि रातोरात फलक गायब. आता तिथे गाद्यांची जाहिरात आहे. जिंकली तर आपली लेक, हरली तर ओळख नाही! मी दुकानात एकटाच असताना त्याला मोठमोठ्यानं शिव्या दिल्या.

आणि शिव्या देता देता गप्प झालो. कारण त्यानं फलक काढायला एक रात्र तरी घेतली. मला तेवढाही वेळ लागला नाही.

ठकू, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. मलाच सांगायला हवं.

इथल्या गिऱ्हाइकांना तू माझी पुतणी हे माहीतच नव्हतं. जुन्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण इथली माणसं नवी, मोठ्या ऑफिसांतली. म्हटलं, ट्रॉफी जिंकू दे, मग पोरीलाच दुकानात आणून उभी करतो आणि बघतो एकेकाची तोंडं. तुझ्या जिवावर मिरवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं बघ.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे बाबा दाढीला आले होते. दादानं जन्मात स्वतःच्या हातानं दाढी केलेली नाही. आधी आमचे वडील करायचे, मग मी. त्याचा एक गाल झाला होता. बाकावर शेजारचा औषधवाला आणि विमा विकणारे एक साहेब बसले होते. टीव्हीवर पुन्हा तोच गोल. साहेब म्हणाले, "ही विकली गेली असणार. एवढा सोपा चेंडू कुणी सोडतं का?" औषधवाल्यानं फोनवरचा व्हिडिओ दाखवला, तुझ्या त्या गोलला कुणीतरी बदकाचं गाणं लावलेलं. सगळे हसले. मीही हसलो. तोंडदेखलं म्हण, पण हसलो.

मग औषधवाल्यानं पडद्यावर तुझं नाव वाचलं आणि म्हणाला, "काय हो, आडनाव तुमचंच दिसतंय. नात्यातली की काय?"

मी म्हणालो, "छे हो! आडनावं काय, ढिगानं असतात. आमची कुणी नाही ती."

वस्तरा तेव्हा दादाच्या गळ्यावर होता. अशा वेळी दाढीला बसलेला माणूस बोलत नाही, हलत नाही, आवंढासुद्धा गिळत नाही. त्याच्या तोंडाला फेस, त्यामुळे हा कोण, कुणाचा बाप, हे त्या दोघांना कळायचं कारण नव्हतं. आरशात फक्त त्याचे डोळे दिसत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही गं. त्याचीच मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी वस्तरा उचलल्यावर तो उठला. फेस पुसला आणि एक गाल गुळगुळीत, एका गालावर पांढरे खुंट, तसाच चालता झाला. साहेब म्हणाले, "अहो, हे अर्धवटच निघाले!" मी म्हणालो, "घाई असेल." माझा थोरला भाऊ, आणि मी म्हणालो, घाई असेल.

त्यानंतर जेवण गोड लागेना. शेवटी एकदा तेच दोघे दुकानात असताना टीव्ही बंद केला आणि सांगून टाकलं, "ती माझी पुतणी आहे. मी त्या दिवशी खोटं बोललो." वाटलं, आता हे काय काय बोलतील. साहेब म्हणाले, "अरे वा! मग पास मिळतील का हो?" औषधवाला म्हणाला, "माझे कल्ले जरा वर घ्या." झालं, एवढंच! ज्यांना तो दिवस आठवतही नव्हता, त्यांच्यापुढे इज्जत राहावी म्हणून मी तुला परकी केलं होतं.

दुकान बंद करून, सामानाची पेटी घेऊन दादाकडे गेलो. दार त्यानंच उघडलं. दाढी वाढलेली. दुसऱ्या कुणाकडे गेला नव्हता. मी म्हणालो, "दादा, चुकलो मी. बस, दाढी करून देतो."

तो म्हणाला, "माझ्या तोंडावर बोललास, मला माहीत आहे. जिच्या माघारी बोललास, तिला सांग. मग ये."

दार लावलं नाही त्यानं. उघडं टाकून आत गेला. वहिनी आतून "या ना भावोजी" म्हणाली, पण मला उंबरा ओलांडवेना.

तर ठकू, फोन केला नाही तो रागानं नव्हे. कुठल्या तोंडानं करणार होतो? ग्लोव्हज परत करायचे की ठेवायचे, ते तुझं तू ठरव. फक्त लोक हसले म्हणून करू नकोस. हसणारे लोक कोण असतात ते मी जवळून पाहिलंय. त्यांच्यात मी उभा होतो.

हे वाचून झालं की बाबांना 'वाचलं' एवढंच कळव. माफ केलं असं लगेच लिहू नकोस, माझ्या वयाकडे बघून तर मुळीच नको. चांगली रागाव. बोलू नकोस हवं तर. पण रागावशील ते मला काका समजून रागाव, कुणी परका समजून नको. हे मागायला मला तोंड नाही, तरी मागतोय.

तुझा सख्खा
काका