तिसऱ्या चाकाचा माणूस

३ जुलै १९३८, रविवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. कारण एकच, पुरावा. या हिंगोलीत माझ्या मोटारसायकलीवर जो अन्याय चालला आहे, तो कुठेतरी लिहून ठेवला पाहिजे.
गाडी तीन चाकांची. दोन मोटारसायकलची, एक डाव्या बाजूला जोडलेल्या, माणूस बसायच्या डब्याचे. सिकंदराबादच्या लिलावात घेतली, रेल्वेच्या वाघिणीतून आणली. अशी गाडी जिल्ह्यात दुसरी नाही. आणि ती सारखी डावीकडे ओढते. काल तहसीलसमोर ओढली आणि पानवाल्याच्या बाकड्यावर चढली. लोक हसले. कोण कोण हसले ते लक्षात ठेवले आहे.
सौ. मंजुळा जानेवारीपासून कळमनुरीला माहेरी. मुलगी झाली, नाव रूपा. बारशाला मी तिकीट काढून सर्व्हिस मोटारीने गेलो, तर सासरे माणिकराव भर पंगतीत म्हणाले, "जावईबापू, फटफटी कुटं ठिवली?" त्याच दिवशी शपथ घेतली. आता कळमनुरीत पाय ठेवीन तो माझ्या गाडीतून, आणि बायको-लेकीला डब्यात बसवून आणीन. रूपाला तेवढेच एकदा पाहिले आहे. झोपलेली होती. नाक माझ्यावर गेले आहे.
संकल्प : (१) स्पेशालिस्ट शोधणे. (२) दाम वाजवी. (३) रागावायचे नाही.

५ जुलै. दुपारी.
चाँद पाशाकडे गेलो. बाजारात सायकलीचे दुकान आहे त्याचे. गाडीभोवती एक फेरी मारली, डब्याच्या सांध्यावर बोट ठेवले आणि म्हणाला की इथली पकड ढिली आहे, आठ आण्यांत करून देतो. पाना कोणता घेतला? पोस्टमनच्या सायकलीला लावतो तोच! मी सांगितले, तू दोन चाकांचा माणूस, तुला तिसऱ्या चाकाचे काय कळणार. वाईट वाटून घेतले नाही त्याने. उलट चहा मागवला. याचाच जास्त राग आला.
आठ आण्यांत काम करणारा माणूस स्पेशालिस्ट असूच शकत नाही.

११ जुलै. रात्री, अंग मोडून आले आहे.
सर्व्हिस मोटारीने नांदेडला गेलो. तिथे रतनसिंग, लॉरीचा मिस्त्री, नावाजलेला. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला की हिंगोलीला येईन, पण वीस रुपये, येणे-जाणे वेगळे, जेवणात रोज तूप. आणि वर विचारले की चौथे चाक हरवले आहे का. सगळे मिस्त्री हसले. निघून आलो. हा चार चाकांचा माणूस. तो दोन चाकांचा. तिसऱ्या चाकाचा माणूस अख्ख्या मोगलाईत नाही.
जाता-येता मोटार कळमनुरीत थांबते. दहा-दहा मिनिटे. सासऱ्यांची गल्ली समोर दिसते. उतरलो नाही. शपथ ती शपथ. उपरणे तोंडावर ओढून बसलो. येताना गल्लीतून लेकराच्या रडण्याचा आवाज आला. आमचीच असेल असे नाही. गल्लीत लेकरे पुष्कळ.

१९ जुलै.
आई (गोजरबाई, वय साठ, जीभ वय वीस) म्हणाली, "काहून तरास करून घेऊन राहिलास? बैलगाडी जुंप अन् सूनबाईला घिऊन ये." मी सांगितले, प्रश्न आणण्याचा नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली की तत्त्वाला दात यायला लागले असतील. मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण बोललो नाही.

२८ जुलै.
प्लॅन. गाडी डावीकडे ओढते ना? मग डावीकडेच वळणारा रस्ता शोधायचा! दुपारभर नकाशा काढला. नरसीवरून, मग डावीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक वेळी हिंगोलीलाच परत येतो. रस्ते बांधणाऱ्यांनी काही विचारच केलेला नाही. नकाशा फाडला.

९ ऑगस्ट.
सासऱ्यांचे पत्र. रूपा बसायला लागली. सौ. सुखरूप. 'आपण मोटारीने यावे, की आम्हीच पोचवावे?' पोचवावे! पोचवावे म्हणे! सात महिने थांबलो ते काय पोचवून घ्यायला? पत्र चुरगाळले. मग सरळ केले, कारण मागच्या बाजूला सौ.ने काजळाने रूपाच्या पायाचा ठसा उमटवून पाठवला आहे. पेटीत ठेवला आहे. पाय लहान आहे.

१४ ऑगस्ट, रविवार.
चाँद पाशाला एक संधी दिली. (शरणागती नव्हे. संधी.) दोन दिवस माझ्या देखरेखीखाली काम केले. सुतळी ताणून चाकांची रेघ धरली, सांध्याची पकड सोडली, घासलेटने धुतली, कापडाने पुसली, पुन्हा आवळली. मी पाना हातात घेतला तेव्हा म्हणाला, "मालक, जोर नका करू. हळूहळू बसतंय ते." शेवटी बजावले, "इथं त्याल लावू नका. कोरडं हाय तवरच धरून राहील." 
गाडी सरळ चालली. अगदी सरळ! औंढ्याच्या रस्त्याला मैलभर जाऊन आलो. देखरेखीचा परिणाम.
पैसे घेताना म्हणाला की तो दर आठवड्याला कळमनुरीच्या बाजारात दुकान लावतो, माणिकरावांच्या ओसरीवर सामान ठेवतो, आणि आपल्या रूपाला खालचे दोन दात आलेत. आपल्या? मी गप्प बसवले. माझ्या मुलीचे दात मला सायकलवाल्याकडून कळावेत, हे शोभत नाही.
पोळा झाला की निघायचे. शुक्रवार ता. २६ पक्का.

२४ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी.
आज खांदेमळणी. सालगडी देवला बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होता. वर्षभर जू वाहतात, उद्याचा मान त्यांचा. बघता बघता मनात आले, परवा बायको-लेकीला ओढून आणणार कोण? मोटार. मग तिच्या खांद्याला काही नको? आणि तिचा खांदा कोणता, तर जिथे डबा जुंपला आहे तो सांधा. सरळ गोष्ट आहे.
देवला कचरत होता. चाँद पाशा नको म्हणाला होता, असे पुटपुटला. मी सांगितले, चाँद पाशा तेल नको म्हणाला. लोणी नको म्हणालेला नाही. 
स्वतःच्या हाताने चोळले. अर्धा पाव लोणी, भरपूर हळद, पकडीच्या फटीत बोट घालून आतपर्यंत. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' हेही म्हणालो. आईने पाहिले आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा बरे वाटते.

२५ ऑगस्ट. पोळा.
आज बैल जुंपत नाहीत. मोटारही नाही. रीत ती रीत. पुरणाचा नैवेद्य दाखवला. दिवसभर सावलीत उभी आहे, हळदीने पिवळी. इतकी प्रसन्न गाडी मी पाहिली नाही.

२६ ऑगस्ट. रात्री.
काय लिहू.
सकाळी निघालो. नवा फेटा. डब्यात देवला, त्याच्या मांडीवर पेढ्यांची परडी, चांदीचे वाळे आणि रूपासाठी लाकडी बाहुली. पाच मैल सरळ. सहाव्या मैलाला डबा कलू लागला. मला वाटले देवला झोपला. ओरडलो. तो म्हणाला की मालक, मी जागा हाय, डबाच झोपून राहिला. ओढ्याच्या उतारावर सांधा सुर्रकन फिरला, खिळा निखळला, मी रस्त्याने पुढे गेलो आणि देवला डब्यासकट ज्वारीत गेला. थेट बांधाच्या आत, ताटे आडवी करत. खरचटले, बाकी काही नाही. पेढे गेले. बाहुलीचा हात मोडला.
शिंगे रंगवलेल्या, पाठीवर कालची झूल असलेल्या बैलांनी आमची गाडी घरी ओढून आणली. वेशीपासून घरापर्यंत सगळे गाव. तहसीलसमोर जे हसले होते ते सगळे होते. नवेही होते.
सगळा दोष चाँद पाशाचा. पकड घट्ट हवी होती. त्याला बोलावून देवलासमोर, आईसमोर, तोंडाला येईल ते बोललो. तो सांध्याजवळ बसला, फटीत बोट घातले, वास घेतला. वर पाहिले नाही. म्हणाला, "बरं झालं मालक, जातानी झालं. येतानी झालं असतं तर?"
राग आला होता.

२७ ऑगस्ट.
झोप नाही. येताना झाले असते तर.
लोण्याचा यात संबंध नाही.

५ सप्टेंबर.
नवा संकल्प. मद्रासकडे तीन चाकांचे कारागीर असतात, असे एका प्रवाशाने सांगितले. पत्र लिहीन. चाँद पाशाचे तोंड पाहायचे नाही. डबा गोठ्यात टाकला आहे, कोंबडी त्यात बसते.

१८ सप्टेंबर.
मद्रासचा पत्ता नाही. म्हणजे कुणाकडेच नाही. कळमनुरीहून पत्रही नाही. माझेही गेलेले नाही. काय लिहायचे?
कोंबडीने अंडी घातली.

३० सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी.
दसऱ्याला तीन दिवस. दुपारी ओसरीवर बसलो होतो. सर्व्हिस मोटार थांबल्याचा आवाज आला. मग गल्लीतून सौ. मंजुळा येताना दिसली, डोक्यावरून पदर, हातात बोचके. मागे चाँद पाशा, कळमनुरीचा बाजार आटोपून आलेला. एका खांद्यावर तिची पेटी, दुसऱ्या कडेवर रूपा.
मी उठलो. काय बोलायचे ते इतके महिने तयार होते. आधी फेटा सारखा केला. सौ. म्हणाली, "तुमच्या गाडीची वाट बघत बसले असते तर पोरगी चालत आली असती." रागाने म्हणाली नाही. दमलेली होती.
हात पुढे केले. रूपाने माझ्याकडे पाहिले. फेट्याकडे पाहिले. ओठ बाहेर आले आणि जी रडायला लागली ती चाँद पाशाच्या मानेत तोंड खुपसून. सोडवायला गेलो तर त्याची दाढी दोन्ही मुठींत धरली. आई आतून धावत आली. सौ. खाली बघत होती. नाक खरेच माझ्यावर गेले आहे.
राग आला. फार आला. पण कुणावर काढायचा ते सुचेना. सासऱ्यांवर नाही, रस्त्यावर नाही, लोण्यावरही नाही. चाँद पाशावर काढावा तर त्याच्याच कडेवर माझी मुलगी.
तो म्हणाला, "मालक, बसा आधी. जोर नका करू."
बसलो. फेटा काढून ठेवला. तो रूपाला घेऊन समोर बसला. बाहुली आणली, मोडक्या हाताची. तिने घेतली नाही, पण रडणे थांबले. पाऊण तास असाच बसलो, न बोलता. माझ्या आयुष्यातला हा विक्रम असावा.
शेवटी तिने हात पुढे केला आणि बोट धरले. चाँद पाशाचे.
उद्या सकाळी तो डबा बघायला येणार आहे. त्याला सांगितले, डब्याची घाई नाही. रूपाजवळ थोडा बस. मी पण बसतो.