मूठ मिटत नाही

२ सप्टेंबर, सकाळी
महिनाअखेर ज्येष्ठांच्या केंद्रात माझं व्याख्यान: ‘आरोग्य ज्याच्या त्याच्या मुठीत’. आयुष्यभर शाळेत नीतिशास्त्र शिकवलं. आता झोपलेला कोरियन देह जागा करायचा! मूठ भरून पाहिली. लाल जिनसेंग, माशाचं तेल, डोळ्यांची गोळी, पोटातल्या चांगल्या जंतूंची पूड, आणि या साऱ्यांचा यकृतावर ताण नको म्हणून यकृताची गोळी. मूठ मिटत नाही. दुसरी उघडली.

५ सप्टेंबर
केंद्राची अट: आरोग्यावर बोलणाऱ्याचा रक्ताचा रिपोर्ट चांगला हवा. रास्त आहे. बायको म्हणाली, “अहो, सोहीचे बाबा, पोटात भाताला जागा ठेवा. का किमचीही कॅप्सूलमधून देऊ?” अज्ञानाशी मी वाद घालत नाही. जेवण थंड होईपर्यंत घातला.

८ सप्टेंबर
सरकारी आरोग्य-पाहणीवाल्या बाईंचा फोन. पूरक गोळ्या घेता का? ठणकावून ‘नाही’ सांगितलं. जिनसेंग हा पूर्वजांचा वारसा. माशाचं तेल म्हणजे मासा. बाकीचं सणाला लेकीनं पाठवलेलं. लेकीचं प्रेम काय पूरक असतं?

१२ सप्टेंबर
रिपोर्टसाठी रक्त द्यायला उपाशीपोटी गेलो. नर्स म्हणाली, “बाबा, सकाळपासून काही खाल्लंत?” आपल्या कोरियन भाषेत माणूस भात खातो, औषध खातो, नवीन वर्षाला वयसुद्धा खातो. म्हटलं, वय सोडून काही नाही. हसली. मग वास घेऊन म्हणाली, “आणि हे जिनसेंग?” मी रांगेकडे वळून गर्जलो, की पूरक म्हणजे खाण्याला जोड, खाणंच नाही तर जोड कशाला? मग यकृताच्या गोळीपर्यंत सगळी यादी ऐकवली. एक आजी गहिवरली. म्हणाली, “मास्तर, ती यकृताची गोळी कुठं मिळते?” रक्त घेतलं नाही. उद्या या म्हणाले.

१६ सप्टेंबर
रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर प्यो म्हणाले, यकृताचे आकडे फार चढलेत. मी आभार मानले. ते म्हणाले, “मास्तर, हे परीक्षेचे मार्क नव्हेत! डोळे पिवळे झालेत तुमचे. सगळ्या गोळ्या आजपासून बंद.” घाबरट माणूस. यकृत संकटात असताना त्याची गोळी बंद करणं ही गद्दारी. घरी येऊन दुप्पट केली.

२० सप्टेंबर
हातही पिवळे. बायकोनं गोळ्यांचं कपाट रिकामं केलं. क्रांतीला घरचेच आडवे येतात.

२४ सप्टेंबर
केंद्राचा फोन. कार्यक्रम होणार! खुद्द डॉक्टर प्यो यांनी आग्रह धरलाय की मंचावर मी हवाच. अखेर विज्ञान शरण आलं. कोट इस्त्रीला दिला. भाषण पाठ. बायको म्हणाली, “नीट विचारा तरी, बोलायला बोलावलंय का?” मत्सर.

३० सप्टेंबर
सभागृह खचाखच. पहिल्या रांगेत ती रक्त देतानाची आजी. भाषण डॉक्टरांनी केलं. मी घसा खाकरून उठलो तर म्हणाले, “मास्तर, बसा. दिव्याकडे तोंड करा.” लोक एकेक करून जवळून पाहून गेले. टाळ्या पडल्या. मी फक्त डोळे ताणले आणि जीभ बाहेर काढली.