बांधाला पाडलेली खांड

११ नोव्हें.
होडी पुन्हा चिखलात. भांगाचे दिवस, पाणी कमी चढतं, धक्क्यापर्यंत येतच नाही. दादा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गुडघाभर गाळातून आला. म्हणतो, "होडी इकायची. तलोज्याला कंपनीत लागायचं, दुसरं काय नाय." दादा आणि कंपनी! कंपनीचा भोंगा झाला तरी हा भरती बघायला जाईल. हसले, मग रडूच आलं. होडी विकू देणार नाही.

१६ नोव्हें., रवि.
दोघांनी दिवसभर धक्क्याचा गाळ उपसला. पाठ गेली.

२० नोव्हें., अमावास्या
उधाणाने उपसलेलं सगळं भरून टाकलं. गाळ भरती आणते, पण परत न्यायला ओहोटीला जोर नाही. वर खाडीकाठी सगळीकडे भराव, पाण्याला पसरायला जागा कुठे? उरलंय ते आमचं पडीक शेत, बाबांनी बांध घातलेलं. बांध फोडून तिथे पाणी घेतलं तर ओहोटीला तेवढंच जोरात बाहेर पडेल, गाळ ओढत. शेजाऱ्यांचे बांध वेगळे, त्यांना धोका नाही.
आईला सांगितलं. "तुज्या बापाचा जल्म गेला त्या बांधावर." जेवली नाही.

३० नोव्हें., रवि.
आई एकदाची म्हणाली, "फोडा. मी बगाया येनार नाय."
आज पाणी बांधाला लागत नव्हतं. दादाने आणि मी खांड पाडली, घरी येऊन आडवे झालो. संध्याकाळी जाते तर अख्खी आळी चिखलात! शेजारच्या काशीकाकूला खांड दिसली, तिने हाक दिली, सगळे धावले. बुजवलीसुद्धा, बाबांपेक्षा पक्की. "वाचवला गो तुमचा शेत!" काकू घामाघूम. सगळ्यांना चहा केला.

१ डिसें.
काकूला खरं सांगितलं, पुन्हा फोडायला ये म्हटलं. "येडी काय तू? खांड बुजवाया आमाला कोन बोलवत नाय, आपन जातो. फोडायचं आमंत्रन पयलंच." फार चिडली.

४ डिसें., पौर्णिमा
कामावर रजा टाकली. पहाटेच खांड पुन्हा फोडली, आणखी रुंद. काकू आली, स्वतःचं फावडं घेऊन, बडबडत.
दुपारी उधाण शेतात शिरलं. गाळ हलला की नाही ते भांगात होडी धक्क्याला लागली तरच कळणार.
आईपण आली. ओहोटी लागली, गढूळ पाणी खळखळत बाहेर निघालं. तिच्या हातात खांड बुजवायच्या सवयीने उचललेला चिखलाचा गोळा. खांडीत टाकलाही नाही, खाली ठेवलाही नाही.