तुझी नदी, माझं बंदर

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जी अंगं वाकली तेवढ्यांचाच). गुडघा कसा आहे? वहिनींचं ऐकतोस की अजून त्यांनाच ऐकवतोस? इकडे सगळे बरे. पत्र लिहिण्यास कारण की, तुझी नदी माझ्या बंदराला मिळत नाही.

चिडू नकोस, ऐकून घे. ऑफिसात कॉम्प्युटरवर तू नदीच्या मॉडेलची बिंदू-रेषांची जाळी विणलीस, मी बंदराच्या, आणि दोन्ही इतकी वर्षं आपापल्या संसारात सुखी होत्या. आता साहेबांना पुराचं पाणी थेट समुद्रापर्यंत एकाच पडद्यावर वाहताना बघायचंय. शुक्रवारपर्यंत जाळ्या जोडा, नाहीतर जुन्या फेकून सॉफ्टवेअरकडून नवी एकसंध करून घेऊ, म्हणाले. फेकून! ज्या नदीच्या एकेका वळणापायी तू डबा न उघडता घरी नेलास (आणि वहिनींची बोलणी मी खाल्ली), ती फेकून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणून तीच धरलेली कंबर कसली. पण तुझ्या जाळीचे त्रिकोण बारीक, माझ्या जाळीचे चौकोन ऐसपैस. नदीच्या मुखापाशी तुझे बिंदू एकीकडे, माझे भलतीकडे. बिंदू जुळत नाहीत तिथे सॉफ्टवेअरला भिंत दिसते. झालं! भर उन्हाळ्यातलं पाणी मुखाशी तुंबलं आणि साहेबांच्या बंगल्यासकट अर्धं गाव बुडालं (पडद्यावरच, तरी साहेबांनी घरी फोन केला). मग मी सॉफ्टवेअरला सांगितलं, जवळजवळचे बिंदू एकच समज बाबा. जवळ म्हणजे किती, तो आकडा जरा सढळ हाताने भरला. चहा घेऊन येतो तो तुझी नदीच गायब! त्या दीडशहाण्याने नदीचे दोन काठसुद्धा जवळचे समजून एकत्र शिवून टाकले होते. बंदर मात्र जागच्या जागी. तू असतास तर म्हणाला असतास, "स्वतःचं बरं वाचवलंस!"

धरणाच्या कामाच्या वेळी आपण जाळ्या कशा जोडायचो, आठवतं? आधी दोघांनी शिवेवरचा एकेक बिंदू ठरवायचा, तू आकडे वाचायचास, मी भरायचो, आणि मगच आपापल्या बाजूला तोंड करून जाळी विणायची. एका बिंदूवरून निम्मा दिवस भांडण. "चौकोन आहेत की गोणपाट?" म्हणायचास. त्या भांडणातच आईचं दुखणं, पोरांच्या शाळा, सगळं बोलून व्हायचं. दादा, तू निवृत्त झाल्यापासून त्या दिवसांची फार आठवण येते रे. आता सगळे कानांत गाणी घालून बसतात. माझ्या चौकोनांना नावं ठेवायलाही कोणी उरलेलं नाही.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझा,
धाकटा

ता. क. – गुरुवारच्या गाडीने निघ. तुझ्याशिवाय शीव जुळणं शक्य नाही. नदी वाचवायची तर हाच उपाय.

ता. क. २ – वहिनी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: ऑफिसला लिफ्ट बसवली आहे.

ता. क. ३ – खोटं कशाला बोलू? जोड परवाच लागला. तुझ्या पद्धतीने एकेक बिंदू हाताने बसवला, पाणी विनातक्रार समुद्रात गेलं. साहेब खूश, दोन्ही जाळ्या राहिल्या. हे आधी लिहिलं असतं, तर तू तिकडूनच शाब्बास म्हणून मोकळा झाला असतास. मला शाब्बासकी नकोय. तू ये.