आईची फुली

वॉलनट फोर्ड, नेब्रास्का
सप्टेंबर १८७८

प्रिय ऑरिन,

गव्हर्नरपदासाठीच्या तुझ्या प्रचारसभांच्या बातम्या इथे रोज पोचतात. हायरमच्या दुकानात पिंपांवर बसून लोक वर्तमानपत्र वाचतात आणि मी मीठ आणायला गेले की मुद्दाम आवाज चढवतात. "अरे, गव्हर्नरच्या बहिणीला जागा द्या! झोपडीत वाढलीय बिचारी." मग हशा. ओहायोतलं आपलं विटांचं दुमजली घर त्यांतल्या निम्म्यांनी पाहिलंय. ते तिथूनच आपल्याबरोबर इकडे आले. पण तोंड कुणी उघडणार नाही. तू निवडून आलास तर रेल्वे आपल्या गावावरून जाणार ना! हायरम मला म्हणाला, "थर्झाबाई, रेल्वे येत असेल तर तुमचा भाऊ गोठ्यात जन्मला, असंही आम्ही बायबलवर हात ठेवून सांगू."

ओंडक्यांच्या झोपडीत जन्मल्याचं तू पहिल्यांदा सांगितलंस, तेव्हा मीही हसले होते. इकडे मतांसाठी प्रत्येक उमेदवार झोपडीतच जन्मतो. पण मग दर सभेला झोपडी लहान होत गेली. एका गावात तिची खिडकी गेली, दुसऱ्या गावात बाबांचे बूट गेले आणि शेवटी आईची अक्षरं गेली. जिने तुला लॅटिन शिकवलं, जी या वयातही आपल्या बैठकीच्या खोलीत गावच्या मुलींची शाळा चालवते, ती तुझ्या भाषणात निरक्षर झाली.

हा माझा मत्सर तर नाही? मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. कॉलेजात मी तुझ्या पुढे होते आणि मत द्यायचा हक्क मात्र तुला आहे. थोडा मत्सर असेलही. पण जुलैतली राजधानीतली सभा आठवली की तो कुठल्या कुठे जातो. गाडीवर उभारलेल्या खोट्या झोपडीपुढे तू तिला बसवलंस, हातात मक्याच्या कणसाची चिलीम दिलीस. तुझ्या माणसाने पाठिंब्याचा कागद पुढे केला. तिने लेखणी घेतली, तुझ्याकडे पाहिलं. तू गर्दीकडे बघत राहिलास. तिने सहीच्या जागी निरक्षर माणसासारखी फुली मारली. लोकांनी टोप्या उडवल्या. परतताना मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "गप्प बस, थर्झा. पोराला मतं हवी होती. बायकांना दुसरं मत आहे कुठे? माझ्यापाशी होतं ते दिलं."

ती फुली आता फिरून आपल्या दारात आलीय. जिल्ह्याचे शाळा अधिकारी मिस्टर वेडल तुझ्या विरोधी पक्षाचे, हे तुला ठाऊक आहेच. ते परवा येऊन गेले. फार गोड बोलले. "आजीबाई, सही येत नाही असं पेपरात वाचलं. मग शिकवण्याचा परवाना कसा ठेवू? गुरुवारी येतो. फळ्यावर नुसतं नाव लिहा, माझी काही तक्रार नाही." सोबत बातमीदार आणणार आहेत. आईने नाव लिहिलं तर दुसऱ्या दिवशी तू राज्यभर खोटारडा ठरशील. नाही लिहिलं तर शाळा बंद.

तिने विचार करायलाही वेळ घेतला नाही. काल मुलींना म्हणाली, "गुरुवारनंतर पुस्तकं आपापल्या घरी ठेवा." मी भांडले, रडले. ती म्हणाली, "शाळा काय, दुसरी कुणीतरी काढेल. ऑरिन मला एकच आहे. आणि त्याला कळवलंस तर याद राख."

तरी कळवते आहे. हे पत्र मंगळवारी तुझ्या हाती पडेल, आणि चांगला घोडा असला तर बुधवारी रात्री तू इथे पोचू शकतोस. पण तू येशील म्हणून मी लिहीत नाही. आई गेल्यावर कधीतरी तू भाषणासाठी झाडाच्या बुंध्यावर उभा राहून म्हणशील, "मला नुसतं कळलं असतं, तर मी धावत गेलो असतो." तू ते फार सुंदर म्हणशील, लोक डोळे पुसतील. ते एक वाक्य तरी तुझ्या तोंडून काढून घ्यावं, म्हणून हे पत्र.

अजून तरी तुझीच,
थर्झा