एकूण चौदा किलोमीटर

३ नोव्हेंबर, सोमवार
सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पंधराला डिस्चार्ज. टाकव्याच्या घरी संडास अंगणात, म्हणून इथे कामशेतला आणायचं ठरलं. खाट आतल्या खोलीत, कारण बाथरूम तिथेच. पण तिथे ट्रेडमिल आहे. हॉलमध्ये आणलं तर बाहेरचं दार उघडणार नाही. मोजून पाहिलं.
म्हणजे विकायचं. दोन दिवसांचं काम. गेल्या वर्षीच्या दिवाळीत बासष्ट हजारांना घेतलं, माझ्या भिशीच्या पैशांतून. ऑनलाइन किंमत लावली अठ्ठावन्न. जास्त लोभ नको.

५ नोव्हेंबर
एकही फोन नाही. हे म्हणाले, पंधरा लाव. ह्यांना बाजारातलं काय कळतं! लोणावळ्यात मुंबईवाल्यांचे एवढे बंगले. ती माणसं किंमत बघत नाहीत. चूक फोटोची. मशीनवर ह्यांच्या पँटी वाळत होत्या.

७ नोव्हेंबर
नवे फोटो. मीटरचाही: एकूण १४ किमी. वर लिहिलं, ‘जवळजवळ न वापरलेलं’. जाहिरात भिशीच्या ग्रुपवरही टाकली.

संध्या. ६
शालनने विचारलं, अगं, तू तर वर्षभर रोज चार किलोमीटर चालतेस ना? यशोधराने हिशोब करून पाठवला: साडेतीन दिवस. खाली तेरा जणींचे हसरे चेहरे.

६.२०
जाहिरात बदलली. ‘भरपूर चाललेलं. मीटर बिघडलंय.’

८ नोव्हेंबर
लोणावळ्याच्या बंगल्यावरून फोन! त्यांचं म्हणणं, भरपूर चाललेलं, वर बिघडलेलं, मग अठ्ठावन्न कशाचे?
न वापरलेलं म्हणावं तर भिशीत तोंड दाखवता येत नाही. वापरलेलं म्हणावं तर भाव पडतो. मधला मार्ग काढला. पन्नास. मीटरबद्दल मौन.

११ नोव्हेंबर
रियाज येऊन गेला. स्टेशनजवळ त्याची छोटी जिम आहे. पट्ट्यावर बोट फिरवून धूळ पाहिली. म्हणाला, मावशी, नऊ हजार, आत्ता खाली उतरवून नेतो. वॉरंटी संपलेल्या मशीनला याहून जास्त कोणी देणार नाही म्हणे.
मावशी! मी बेचाळीसची.
नऊ घेतले तर हे जन्मभर ऐकवतील. त्याला पंचेचाळीस सांगितले. चहा पिऊन गेला.

१३ नोव्हेंबर
हॉस्पिटलमधून सासूबाईंचा फोन. जागा झाली का गं? न्हाई तर मी भिंतीकडंला पडंन, मला लय जागा लागत न्हाई.
म्हटलं, झालीच समजा. मनात बत्तीसपर्यंत उतरायचं ठरवलं. त्याखाली एक रुपया नाही.

१४ नोव्हेंबर, दुपार
रियाजला मीच फोन केला. म्हटलं, ने नऊला. त्याने काल खंडाळ्याहून एक उचललं, सात हजारांत. आता फुकट दिलं तरी ठेवायला जागा नाही म्हणाला.

संध्याकाळ
ह्यांनी घोरावाडीला फोन लावला, पिंकीला. धाकटी नणंद. तिच्या दोनच खोल्या. ती लगेच हो म्हणाली असावी, कारण बोलणं फार चाललं नाही. मी पोळ्या लाटत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार
घोरावाडीला जाऊन आलो. सासूबाईंची खाट टीव्ही आणि दाराच्या मध्ये. पिंकीची दोन्ही मुलं स्वयंपाकघरात झोपतात.
सासूबाईंनी विचारलं, किती आलं मशीनचं?
म्हटलं, बोलणी चालू आहेत.
म्हणाल्या, घाई नगं करूस. घेतल्याली वस्तू.
मी दारातच उभी होते. खुबा सांभाळत त्या कशाबशा कडेला सरकल्या, आणि ‘बस की हितं’ म्हणत खाटेवर हात थोपटला.